शून्याला किती शाई लागते?

मला गणित कोणाकोणामुळे आलं, अशी यादी करायला बसलो तर पहिली ओळ छापखान्यातल्या एका खिळे जुळाऱ्याची लिहावी लागेल. शाळेतल्या मास्तरांवर यात अन्याय होत नाही. त्यांनी पाढे घेतले, प्रमेयं पाठ करून घेतली, वेळप्रसंगी छडीही लावली. त्यांचं देणं आहेच. पण गणितातलं चिन्ह म्हणजे काय, ते कोण ठरवतं आणि एकदा ठरलं की कोणाकोणाला बांधून घेतं, हे मला कळलं ते सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, छापखान्यातल्या केसपुढे उभं राहून. कळवणारा माणूस सातवी पास होता. जुन्या भाषेत व्हर्नाक्युलर फायनल. सगळा छापखाना त्यांना तात्या म्हणायचा, मीही.

काळ १९७०च्या दशकातला. आम्ही राहायचो त्या वाड्याच्या पुढच्या सोप्यात छापखाना होता. दोन ट्रेडल छपाई यंत्रं, हाताने चाक फिरवायचं एक कटिंग मशीन आणि भिंतीला लागून तिरक्या मांडलेल्या केसेस, म्हणजे अक्षरांचे शिशाचे खिळे ठेवायचे घरं पाडलेले खण. इंग्रजीचं थोडक्या घरांत भागतं. मराठीला काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं मिळून शेकड्यांनी घरं लागतात. तात्यांचा उजवा हात त्या घरांतून न बघता फिरायचा, कोंबडीने दाणे टिपावेत तसा. डाव्या हातात खिळे रचायची स्टिक, अंगठा शेवटच्या खिळ्यावर रोवलेला, नजर समोरच्या कागदावर.

माझं काम कॉपी वाचायचं. पहिलं प्रूफ निघालं की तात्या पेन्सिल घेऊन प्रूफावर बसत आणि मी मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचो. अक्षर न् अक्षर, विरामचिन्हांसकट. "चिरंजीव स्वल्पविराम", "शुभाशीर्वाद पूर्णविराम", असं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेतल्या कुस्त्यांची पोस्टरं, पतसंस्थेचे अहवाल, जे येईल ते. त्यात गावातल्या एका क्लासच्या गुरुजींचे शिष्यवृत्ती परीक्षेचे सराव पेपरही असत. तेव्हा ही परीक्षा चौथी आणि सातवीला होती. मी स्वतः सातवीत होतो, त्यामुळे परीक्षेला बसण्याआधीच अर्धे पेपर माझ्या तोंडून गेलेले असायचे.

गणिताच्या पेपरात मी एकदा अडलो. गुरुजींनी अ आणि ब यांच्यामध्ये पेनाने एक खूण काढली होती. फूल आहे की गोम आहे, कळायला मार्ग नव्हता.

"तात्या, याला काय म्हणू?"

तात्यांनी चष्म्यावरून कागद पाहिला. "गुरुजींनी काय म्हटलंय?"

"काहीच नाही. नुसतं काढलंय."

"मग तू ठेव नाव. पण एकदा ठेवलंस की पेपर संपेपर्यंत तेच."

केसमध्ये चांदणीचा खिळा होता म्हणून मी चांदणी म्हटलं. वरची ओळ होती: अ ★ ब = २अ + ब. खाली प्रश्न: ३ ★ ४ = किती? मी वाचलं, "तीन चांदणी चार बरोबर किती प्रश्नचिन्ह." तात्या पुढच्या ओळीवर गेले नाहीत. उत्तर काढ म्हणाले.

ही त्यांची सवय होती आणि तिला कारण होतं. शब्दात खिळा चुकला तर डोळ्याला खुपतो. 'विवाह' ऐवजी 'विवाद' छापलं गेलं तर निदान कोणीतरी हसतं. आकडा चुकला तर काहीच खुपत नाही. सातच्या जागी एक बसला तरी ओळ तितकीच देखणी दिसते. म्हणून गणिताचा पेपर आला की तात्या प्रत्येक उदाहरण सोडवून बघत. चार पर्यायांपैकी एकही जुळला नाही तर चूक एक तर त्यांच्या जुळणीत, नाही तर गुरुजींच्या कागदात. असे वर्षानुवर्षं पेपर सोडवत सोडवत हा माणूस गणितात तयार झाला होता. कोणी सांगितलं म्हणून तो शिकला नाही; धंद्यातली गरज होती.

तीन चांदणी चारचे दहा आले. "आता चार चांदणी तीन?" अकरा. मी चपापलो. बेरीज, गुणाकार उलटसुलट केले तरी फरक पडत नाही, हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की ही नवी खूणही तशीच वागणार असं मी धरूनच चाललो होतो.

"वजाबाकी उलटी करून चालते का?" तात्या म्हणाले. "मग चांदणीनेच काय पाप केलंय?"

पुढचं उदाहरण १ ★ २ ★ ३. डावीकडून सुरुवात केली तर एक चांदणी दोन चार, चार चांदणी तीन अकरा. उजवीकडून केली तर दोन चांदणी तीन सात, एक चांदणी सात नऊ. आता खरं कुठलं? मी तोऱ्यात कंचेभागुबेव म्हणून दाखवलं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. शाळेत ही आमची गुरुकिल्ली होती.

"त्यात चांदणी कुठे बसते?"

"बसत नाही."

"मग गुरुजींनी कंस द्यायला हवा. तू कोण ठरवणार?"

तात्यांनी प्रूफाच्या समासात पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि मला गुरुजींकडे पिटाळलं. स्वतः कंस घातला नाही. मूळ प्रतीत हात घालायचा नाही, शंका आली तर विचारायचं, हा छापखान्याचा दंडक. गुरुजींनी कंस घातला आणि पुढच्या पेपरापासून ते स्वतःच जपून लिहू लागले. क्लासच्या मुलांना याचा पत्ता नव्हता, पण त्या गावातले सराव पेपर इतके नेटके निघायचे त्यामागे ही पेन्सिल होती.

कलशाचा किस्सा सांगायलाच हवा. माघ-फाल्गुनात लग्नसराई आणि शिष्यवृत्तीची घाई एकाच वेळी यायची. पत्रिकांच्या चौकटी बांधून तयार असत आणि छापखान्यातल्या सगळ्या चांदण्या, बदाम, फुलं त्यांच्यात अडकून पडलेली. पेपर तर दुसऱ्या दिवशी हवा. केसमध्ये शिल्लक राहिले ते कलश. तात्यांनी गुरुजींना विचारून घेतलं आणि पेपर निघाला: अ कलश ब म्हणजे अ गुणिले ब, अधिक अ. पाच कलश तीन किती? वर्गात एका मुलाने म्हणे विचारलं, कलश भरलेला धरायचा की रिकामा? गुरुजी म्हणाले, वरची ओळ वाच.

पुढे वाचनात आलं की कलशाचं घराणं मोठं आहे. आपण ज्याला बरोबरचं चिन्ह म्हणतो त्या दोन आडव्या रेघा रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श वैद्याने १५५७ साली आपल्या पुस्तकात पहिल्यांदा छापल्या. दोन समांतर रेघांइतकं एकसारखं दुसरं काय असणार, असा त्याचा विचार. वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागलं की येणाऱ्या संख्येला 'पाय' हे ग्रीक अक्षर विल्यम जोन्सने दिलं १७०६ साली. ते रूढ केलं ऑयलरने. आणि क्रमगुणितासाठी संख्येपुढे उद्गारचिन्ह लिहायची पद्धत क्रिस्तियाँ क्राम्पने १८०८ साली सुरू केली. जुन्या खुणांपेक्षा ती छापायला सोपी होती. हे वाचलं तेव्हा तात्या आठवणं भागच होतं. गणिताचा इतिहास लिहिणारे गणितज्ञांची नावं लिहितात. केसमध्ये कोणते खिळे शिल्लक होते ते कोण लिहिणार?

आपल्याकडे देवळालीच्या शाळेतले द. रा. कापरेकर यांनी तर जन्मभर हाच उद्योग केला. स्वतः क्रिया ठरवायची आणि संख्यांना त्या क्रियेतून फिरवायचं. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकसारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आणि हेच करत राहा. ४३२१ वजा १२३४, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. तिथून पुढे कितीही करा, ६१७४च. ही क्रिया कोणत्या पाठ्यपुस्तकात नव्हती. एका मास्तरांनी ठरवली आणि जगाने मानली.

वर्तुळाकडे येतो. खिळ्यांच्या छापखान्यात वर्तुळ ही डोकेदुखी असते. सरळ रेघेला पितळी रूल आहे. वर्तुळाला बाहेरून जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे, त्याला पैसे पडत. म्हणून गुरुजींची वर्तुळाची उदाहरणं आकृतीशिवाय, नुसत्या शब्दांत छापली जात. छापखान्यात तयार गोल अशी वस्तू एकच. पोस्टरांसाठी ठेवलेलं लाकडी खिळ्यांमधलं शून्य.

कुस्त्यांच्या पोस्टरांवर इनामाचे आकडे ठळक लागत आणि त्यात शून्यं फार. एकदा तसं एक शून्य रोलरखालून निघालं, ओल्या शाईने चकचकीत. मी सहज विचारलं, शून्याला किती शाई लागते? पोरकट प्रश्न. तात्यांनी तो पोरकट मानला नाही. पट्टी घेतली. बाहेरून बाहेर दहा सूत, आतलं भोक सहा सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारकामात चालणारं माप. तर बाहेरची त्रिज्या पाच सूत, आतली तीन.

मी लगेच पाटी घेतल्यासारखं बावीस सप्तमांश गुणिले पंचवीस करायला लागलो. तात्यांनी थांबवलं. "बावीस सप्तमांश कुठे पळून जात नाही. आधी पंचवीसातून नऊ काढ."

सोळा. म्हणजे चार गुणिले चार. शून्याच्या काळ्या भागाचं क्षेत्रफळ चार सूत त्रिज्येच्या भरीव टिकलीइतकं. चार सूत त्रिज्या म्हणजे व्यास आठ सूत, बरोबर एक इंच. इंचभर टिकलीला जेवढी शाई, तेवढीच या शून्याला. शून्य दिसतं केवढं मोठं आणि पितं एवढीशी शाई!

मग तात्यांनी जे केलं ते मी अजून माझ्या विद्यार्थ्यांना वर्गात करून दाखवतो. एक पितळी रूल त्यांनी शून्यावर आडवा ठेवला, आतल्या भोकाच्या कडेला नुसता टेकेल असा. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत रूल किती आला ते मोजलं. एक इंच.

"तात्या, योगायोग?"

"योगायोग असेल तर दुसऱ्या शून्यात मोडेल. आण दुसरं."

दुसरं शून्य मोठं होतं, मापंही वेगळी होती. पट्टीच्या जाडीएवढा फरक सोडला तर तिथेही जमलं. कारण मला नंतर, पायथागोरसचं प्रमेय शिकल्यावर दिसलं. केंद्र, रूल जिथे भोकाला टेकतो तो बिंदू आणि रूलचं बाहेरचं टोक यांचा काटकोन त्रिकोण होतो. कर्ण ही बाहेरची त्रिज्या, एक बाजू ही आतली त्रिज्या, आणि उरलेली बाजू म्हणजे अर्धा रूल. मोठ्या त्रिज्येच्या वर्गातून लहानीचा वर्ग काढला की अर्ध्या रूलचा वर्ग उरतो. म्हणजे आतल्या-बाहेरच्या त्रिज्या माहीत नसल्या तरी एका सरळ पट्टीने कडीचं क्षेत्रफळ निघतं.

त्या दिवसापासून आम्ही दोघांपुरती एक खूण ठरवली. अ ◎ ब म्हणजे बाहेरून अ आणि आतून ब त्रिज्येच्या कडीचं क्षेत्रफळ. नाव 'कडी'. मी व्याख्या लिहून दाखवली तर तात्यांचा पहिला प्रश्न, "कोणी लहान आधी लिहिलं तर?" तीन कडी पाच. नऊ वजा पंचवीस, उणे सोळा. "उणे शाई कुठल्या डब्यात मिळते रे?" मग व्याख्येत कंस वाढला: (अ हा ब पेक्षा मोठा). आज विद्यापीठातली मंडळी याला प्रांत ठरवणं वगैरे म्हणतील. आमच्याकडे तो शाईच्या डब्याचा प्रश्न होता.

कडीचे गुणधर्म मग मी वेड लागल्यासारखे शोधले. मोठ्या कडीच्या आत दुसरी कडी नेमकी बसत असेल तर दोन्हींची बेरीज म्हणजे एकच रुंद कडी: अ ◎ ब अधिक ब ◎ क बरोबर अ ◎ क. आणि कोणत्याही कडीचं क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्यांची बेरीज गुणिले त्रिज्यांची वजाबाकी, मग गुणिले पाय. वर्ग करायची गरजच नाही. पंचवीस कडी चोवीस बघा. एका एककाची अरुंद पट्टी, डोळ्याला काहीच वाटत नाही. पण एकोणपन्नास गुणिले एक, म्हणजे सात त्रिज्येच्या भरीव वर्तुळाइतकी ती भरते. बावीस सप्तमांशाने १५४. मी हे तात्यांना पळत जाऊन सांगितलं तेव्हा ते जेवत होते. उष्ट्या हाताने त्यांनी मान डोलावली आणि आमटी वाढून घेतली.

बटर पेपरच्या चकत्यांचं गणित तेवढं सांगतो. गावातल्या पेढेवाल्याला पेढ्याखाली ठेवायला गोल चकत्या लागत. चकती आणि भोवतीची केसभर जागा धरून अडीच इंच. कागद डबल क्राऊन, वीस बाय तीस. पोकळ डाय ठेवून वरून लाकडी हातोडा मारायचा. तात्यांना अडीचकी तोंडपाठ. बाराला तीस, आठाला वीस, बारा आठे शहाण्णव चकत्या एका शीटमधून. पेढेवाल्याची तक्रार अशी की कागद फार वाया जातो, चकती लहान केली तर कमी जाईल का? त्याचं म्हणणं कोणालाही पटण्यासारखं होतं. पण चौकोनात वर्तुळ बसवलं की बावीस सप्तमांशाच्या हिशेबाने चौकोनाच्या चौदा भागांपैकी अकरा भाग चकती, तीन भाग रद्दी. चकती लहान करा, चौकोनही लहान होतो. चौदाला अकरा तसंच राहतं. पाच इंची चकत्या काढल्या तर चोवीस निघतील, रद्दी मात्र तेवढीच.

तात्यांनी तोंडाने वाद घातला नाही. कॅरमच्या सोंगट्या मागवल्या आणि गॅलीत मांडल्या. गॅली म्हणजे तीन बाजूंना काठ असलेला पत्र्याचा लांबट ट्रे. आधी रांगेला रांग. मग दुसरी रांग अर्ध्या सोंगटीने सरकवून, पहिल्या रांगेच्या खळग्यांत. रांगा एकमेकींच्या जवळ आल्या आणि वर जागा उरली. वीस बाय तीसच्या शीटवर हेच केलं तर आठाऐवजी नऊ रांगा बसतात. पाच रांगा बाराच्या, चार रांगा अकराच्या. साठ अधिक चव्वेचाळीस, एकशेचार. एका शीटमागे आठ चकत्या फुकट. पेढेवाला खूश. लगेच म्हणाला, पाच इंचीलाही हेच करा. तात्यांनी पाच इंचाचं करून बघितलं: चार रांगा, सहा-पाच-सहा-पाच, बावीस. साध्या मांडणीत चोवीस. "तिथे सरळच बरं," म्हणाले. एक युक्ती एका ठिकाणी लागू पडली म्हणजे सगळीकडे पडते असं नाही, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. बावीस आणि चोवीस समोर होते.

वाया गेलेल्या चकत्या मला मिळत. त्यांतलीच एक तात्यांनी मधोमध कापून दोन अर्ध्या केल्या, प्रत्येकीच्या केंद्राकडून कडेपर्यंत पाकळ्या पाडल्या आणि दोन्ही अर्ध्या उघडून एकमेकींच्या खाचांत बसवल्या. झाला जवळजवळ आयत. रुंदी त्रिज्येएवढी, लांबी अर्ध्या परिघाएवढी. पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग हे सूत्र मला तोवर पाठ होतं, दिसलं तेव्हा. बऱ्याच वर्षांनी कळलं की भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत परिघ गुणिले व्यास भागिले चार हा नियम दिला, आणि कोकणात मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५च्या सुमारास 'बुद्धिविलासिनी' या लीलावतीवरच्या टीकेत त्याची उपपत्ती नेमकी अशीच, अर्धी वर्तुळं कापून एकमेकांत बसवून दिली. तात्यांनी ती टीका वाचली असण्याची सुतराम शक्यता नाही. कागद आणि कात्री रोज हातात असली की काही गोष्टी सुचतात, एवढंच.

छापखान्याकडून मला मिळालेली आणखी एक गोष्ट म्हणजे पाठकोरे कागद. छपाई बिघडलेल्या पत्रिका, फिकट आलेली हँडबिलं, तिरकी गेलेली पोस्टरं. तात्या ती कटिंग मशीनवर एकसारखी कापून, टाचून माझ्याकडे द्यायचे. वह्यांना पैसे नसत हे त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. माझं मॅट्रिकपर्यंतचं सगळं कच्चं गणित लोकांच्या लग्नांच्या पाठीवर झालेलं आहे.

पुढे मी पुण्यात आलो आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अंकगणित शिकवण्यातच आयुष्य गेलं. बँकेच्या परीक्षा, राज्यसेवेचा सीसॅट, आणखी काय काय. मनाने ठरवलेल्या चिन्हांची उदाहरणं सगळीकडे असतात आणि मुलं त्यांना घाबरतात. खरं तर पेपरातला हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न. बाकीच्या प्रश्नांना मागचं काहीतरी आठवावं लागतं. इथे लागणारं सगळं प्रश्नातच लिहिलेलं असतं. वर्गात मी नेहमी एक उदाहरण देतो. [त] म्हणजे त त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ. तर [५] वजा [३] बरोबर किती? पर्याय: [२], [४], [८], [१६]. हात भराभर वर होतात आणि बहुतेकांचं उत्तर [२]. पाचातून तीन गेले की दोन, ही बालवाडीपासूनची सवय. चौकटी कंसाकडे कोणी बघतच नाही. जी मुलं [१६] म्हणतात ती निम्म्या वाटेवर आलेली असतात. पंचवीसातून नऊ काढून सोळा मिळवलेत, पण सोळा हा त्रिज्येचा वर्ग आहे, त्रिज्या नव्हे. मग मी फळ्यावर मोठं शून्य काढतो आणि पट्टी ठेवतो.

"सर, याला शॉर्टकट काय?" हा प्रश्न दर वर्षी येतो. शॉर्टकट विकणाऱ्यांची पुण्यात कमी नाही, त्यांचं पोट आहे, माझं काही म्हणणं नाही. पण या उदाहरणांना शॉर्टकट नाही. वरची ओळ वाचायची, ती म्हणते तेवढंच करायचं, ती जिथे गप्प आहे तिथे आपल्या मनाचं घुसडायचं नाही. शॉर्टकटच्या नादाला लागलेली मुलं नेमकी इथेच मार खातात, असा माझा अनुभव आहे.

खिळ्यांचे छापखाने नंतर ऑफसेट आणि संगणकापुढे टिकले नाहीत. आमच्या वाड्यातलाही बंद पडला. शिसं, अँटिमनी आणि कथलाचे ते खिळे किलोवर विकले गेले. मालकांनी तात्यांना आठवण म्हणून काही घ्या म्हटलं, तर म्हणाले, घरात शिसं कशाला? पुढे ते जावयाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसत. मी पहिल्या पगारातून त्यांना धोतरजोडी नेली होती. त्यांनी आधी पावतीची बेरीज तपासली, मग धोतराकडे पाहिलं. बेरीज बरोबर होती. पैशात किंवा कापडात फिटणारं हे देणं नाही, हे दोघांनाही कळत होतं, त्यामुळे त्यावर बोलणं झालं नाही. ते गेले तेव्हा मी परीक्षेच्या हंगामात अडकलेलो होतो, दहाव्याला गेलो.

त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती: शिकवशील त्यातलं एखादं उदाहरण मुलांना उत्तर न देता दे. ती मी इथेही पाळतो. बाहेरची आणि आतली, दोन्ही त्रिज्या पूर्ण संख्या असलेल्या, बारा त्रिज्येच्या भरीव वर्तुळाइतकंच क्षेत्रफळ असलेल्या कड्या काढा. आतली त्रिज्या शून्य चालणार नाही. पाठकोरा कागद घ्या, त्रिज्यांची बेरीज आणि वजाबाकी यांच्या गुणाकाराकडे बघा. अशा कड्या चार आहेत. तीन सापडल्यावर थांबू नका.